गार्डाकाठी तंबू ठोकण्याआधी

इटलीतलं हे सर्वांत मोठं सरोवर: सुमारे ३७० चौरस किलोमीटर, कमाल खोली ३४६ मीटर. मुलं लहान असतील तर दक्षिण काठच गाठावा. सिर्मिओने, पेस्किएराकडे किनारा उथळ आहे आणि पेस्किएरा तर मिलान-व्हेनिस रेल्वेमार्गावरच येतं. उत्तरेला रीवा नि तोर्बोले. तिथे डोंगरकडे थेट पाण्यात उतरलेले. सकाळी उत्तरेकडून ‘पेलेर’ आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ हे वारे वाहतात. विंडसर्फिंगवाल्यांची चंगळ, पण दोरीवरच्या टॉवेलला चिमटा लावला नाही, तर तो शेजाऱ्याच्या तंबूत शोधावा लागेल.

१५ ऑगस्टला ‘फेर्रागोस्तो’चा सण. त्याच्या मागचेपुढचे आठवडे सर्वांत गर्दीचे नि महागडे. त्यामानाने जून बरा, मात्र पेंटेकॉस्टच्या सुट्टीत बव्हेरियातली कुटुंबं इकडे लोटतात. तंबूचा सोस नसेल तर कॅम्पातच स्वयंपाकघरासह मोबाइल होम भाड्याने मिळतं. चादरी-टॉवेल त्यात धरलेत का, ते आधीच विचारून घ्या. अनेक ठिकाणी पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची असते. टक्कल असलं तरी!

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.