घरच्या पडद्यावरील युद्ध

चित्रपट मुळात चित्रपटगृहासाठी तयार केला जातो. तेथे पडदा भव्य असतो, सभोवती अंधार असतो आणि आवाज चारही बाजूंनी ऐकू येतो. तोच चित्रपट घरी पाहताना पडदा लहान होतो, खोलीत उजेड असतो आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून आवाजही कमी ठेवावा लागतो. अशा वेळी चित्रपटाचा मूळ परिणाम घरापर्यंत कितपत पोहोचतो? युद्धपटाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. युद्धाची भीषणता संवादांपेक्षा दृश्यांतून आणि आवाजांतून अधिक प्रकट होते. त्यामुळे युद्धपटाचे चित्र किंवा ध्वनी बिघडला, तर त्याचा आशयही उणावतो.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा १९९८ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ रोजी, दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्यांपैकी ‘ओमाहा’ हे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर अमेरिकन सैनिकांना जर्मन मशीनगनच्या भयंकर माऱ्याला तोंड द्यावे लागले. चित्रपटाच्या सुरुवातीला हा प्रसंग वीस मिनिटांहून अधिक काळ चालतो.

हा प्रसंग घरी प्रथमच पाहणाऱ्याला तबकडीतच काही दोष असावा, अशी शंका येते. रंग फिके दिसतात, आकाश राखाडी असते, चित्रावर बारीक कण दिसतात आणि माणसांच्या हालचाली तुटक वाटतात. परंतु हे दोष नव्हेत. छायाचित्रणकार यानुश कामिन्स्की यांनी हे रूप हेतुपुरस्सर घडवले आहे.

चित्रपटाचा कॅमेरा एका सेकंदात २४ चित्रे टिपतो. सामान्यतः प्रत्येक चित्रासाठी त्याची झडप एका सेकंदाचा सुमारे ४८ वा भाग एवढा वेळ उघडी असते. तेवढ्या वेळात हलणारा हात किंचित पुसट उमटतो. या पुसटपणामुळेच एक चित्र पुढच्या चित्रात मिसळते आणि हालचाल सलग भासते. कामिन्स्की यांनी अनेक दृश्यांत झडप याहून कमी वेळ, कधी सेकंदाच्या सुमारे १९२ व्या भागाइतकीच, उघडी ठेवली. परिणामी स्फोटात उडालेला वाळूचा कणन् कण वेगळा दिसतो. पण धावणारा सैनिक अडखळत, झटके खात पुढे सरकल्यासारखा वाटतो. भिंगांवरील आधुनिक संरक्षक लेपही त्यांनी काढून टाकले, त्यामुळे प्रकाश पसरून जुन्या भिंगांतून दिसावे तसे चित्र दिसू लागले. चित्रपटाच्या प्रतींवर रासायनिक प्रक्रिया करताना फिल्ममधील चांदीचा काही अंश तसाच राहू दिला. त्यामुळे रंग मंदावले आणि काळा रंग अधिक गडद झाला. १९४४ साली एखाद्या युद्धवार्ताहराने जिवावर उदार होऊन टिपलेले चित्रण आपण पाहत आहोत, असा भास त्यातून निर्माण होतो.

ध्वनीचा विचारही तितकाच सूक्ष्म आहे. ओमाहा किनाऱ्यावरील लढाईला पार्श्वसंगीत अजिबात नाही. प्रेक्षकाने कोठे घाबरावे, कोठे हळहळावे, हे सुचवणारा एकही सूर तेथे नाही. ध्वनिरचनाकार गॅरी रिडस्ट्रॉम यांनी गोळ्यांचे सणसणणे, धातूवर त्यांचे आदळणे आणि जखमींचे आर्त स्वर यांतूनच हा प्रसंग उभा केला. सैनिक पाण्याखाली जातात तेव्हा सारे आवाज दबतात. डोके वर काढताच गोळीबार पुन्हा कानांवर आदळतो. जवळच झालेल्या स्फोटाने कॅप्टन मिलर यांचे कान बधिर होतात, तेव्हा प्रेक्षकालाही बाहेरचे जग दूरच्या घुमघुमीसारखे ऐकू येते. टॉम हँक्स यांनी साकारलेल्या या अधिकाऱ्याची अवस्था शब्दांत सांगावी लागत नाही. ती कानांनीच कळते. छायाचित्रण, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम या तिन्ही विभागांत या चित्रपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाले.

आता प्रश्न उरतो तो हे सारे घरी आणण्याचा. डिजिटल चित्र असंख्य चित्रबिंदूंनी बनते. बिंदू जितके अधिक, तितका तपशील अधिक. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेल्या व्हीसीडीवर एका चित्रात सुमारे एक लाख बिंदू असत आणि आवाज दोनच मार्गांनी येत असे. एका तबकडीवर साधारणपणे ७४ ते ८० मिनिटांचे चित्रण मावे. डीव्हीडीवर बिंदूंची संख्या सुमारे चार लाखांवर गेली आणि ध्वनीसाठी सहा मार्ग उपलब्ध झाले : समोर तीन, मागे दोन आणि स्फोटासारख्या खोल आवाजांसाठी एक स्वतंत्र. त्यामुळे मागून सणसणत आलेली गोळी खरोखरच मागून ऐकू येऊ लागली. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ १९९९ साली डीव्हीडीवर आणि २०१० साली ब्लू-रे तबकडीवर आला. ब्लू-रेवर एका चित्रात सुमारे वीस लाख बिंदू असतात. २०१८ साली आलेल्या ४-के आवृत्तीत ही संख्या ८० लाखांच्या पुढे गेली.

मात्र बिंदू वाढले म्हणजे चित्र आपोआप चांगले झाले, असे नाही. फिल्मवरील प्रतिमा मुळातच सूक्ष्म कणांची बनलेली असते. हे कण म्हणजे धूळ नव्हे. चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि कापडाची वीण यांचा तपशील त्याच कणांत साठलेला असतो. काही वेळा तबकडी तयार करताना चित्र ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात संगणकाच्या साहाय्याने हे कण पुसले जातात. ‘पॅटन’ या १९७० सालच्या युद्धपटाचे असेच झाले. नेहमीपेक्षा रुंद फिल्मवर चित्रित झालेल्या या चित्रपटात तपशिलाची मोठी समृद्धी होती. तथापि २००८ सालच्या ब्लू-रे आवृत्तीत कण इतके पुसले गेले, की अनुभवी सेनानीचा रापलेला चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत दिसू लागला. जाणकारांनी त्यावर टीका केली. पुढे २०१२ साली सुधारित आवृत्ती निघाली आणि हरवलेला तपशील पुन्हा दिसू लागला.

इंटरनेटवरून चित्रपट पाहताना वेगळी अडचण येते. वाहून न्यावयाची माहिती कमी करण्यासाठी चित्र संकुचित करावे लागते. फिल्मचे कण प्रत्येक चित्रात निराळ्या जागी असल्याने त्यांचे संकुचन करणे फार कठीण असते. संकुचन अतिरेकी झाले, तर धूर, पाणी आणि उडणारी वाळू यांच्या जागी चौकोनी ठिगळे दिसू लागतात. नेमक्या याच गोष्टी युद्धपटात सर्वाधिक असतात.

तबकडी उत्तम असली, तरी घरचा दूरदर्शन संच तिचे काम बिघडवू शकतो. अनेक संचांत रंग भडक करणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी योजना असते. हालचाल गुळगुळीत करताना संच दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेली चित्रे घालतो. त्यामुळे कामिन्स्की यांनी परिश्रमपूर्वक साधलेला तुटकपणा नाहीसा होतो. म्हणून चित्रपट पाहताना ही योजना बंद ठेवावी, रंग व तीक्ष्णता वाढवू नये आणि खोलीतील उजेड कमी करावा. ध्वनीच्या बाबतीत कुजबुज आणि स्फोट यांतील अंतर राखणे महत्त्वाचे असते. रात्री हळू आवाजात ऐकण्यासाठी असलेली योजना हे अंतर कमी करते. ती सोयीची आहे. पण तिच्यामुळे स्फोटाचा धक्का उणावतो. शक्य असल्यास साध्या चांगल्या हेडफोनचा वापर करावा. संचातील लहान स्पीकरपेक्षा त्यातून बारीक आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतात.

हा सारा खटाटोप केवळ हौसेचा नाही. १९९८ साली हा चित्रपट पाहून अनेक वृद्ध माजी सैनिकांच्या पन्नास वर्षांहून जुन्या आठवणी जाग्या झाल्या. अशा व्यथित सैनिकांना आधार देण्यासाठी अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण विभागाला खास दूरध्वनी सेवा सुरू करावी लागली. ज्यांनी युद्ध प्रत्यक्ष अनुभवले होते, त्यांना पडद्यावरील ते राखाडी आकाश आणि तो गोळीबार ओळखीचा वाटला. ज्यांनी युद्ध कधीच पाहिले नाही, त्यांना त्याची थोडीशी जाणीव व्हावी, यासाठी ते चित्र व तो आवाज निर्मात्यांनी घडवले तसेच घरी पोहोचणे आवश्यक आहे. फिके रंग भडक केले आणि स्फोट सौम्य केले, तर युद्ध ही एक नेत्रसुखद करमणूक बनेल. तसे होऊ नये, यासाठीच तो चित्रपट निर्माण झाला होता.