गम प्रिंटचा थर एकसारखा कसा येतो?

छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीच्या 1904 च्या छायाचित्राचे प्रिंट्स काढताना प्लॅटिनमवर गम बायक्रोमेटचे रंगीत थर चढवले. ते बघावेत आणि मग कुंचला हातात घ्यावा!

गम बायक्रोमेटचं मिश्रण साधंच: अरबी डिंक, जलरंग आणि पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण. खरी कसोटी थर देताना लागते. कागद आधी गरम पाण्यात भिजवून वाळवलेला आणि जिलेटिनचा हात दिलेला हवा, नाहीतर रंग तंतूंत शिरतो आणि पांढरा भाग मळकट दिसतो.

रुंद, मऊ कुंचल्याने मिश्रण भराभर आडवं-उभं पसरा. थर पातळच हवा. जाड थर धुताना पापुद्र्यासारखा सुटतो. चकाकी कमी होऊन डिंक किंचित चिकटू लागला, की दुसरा कोरडा कुंचला घ्या आणि फक्त टोकांनी, अजिबात न दाबता फिरवा. पट्टे विरताना दिसतात. कुंचला ओढला जातोय असं वाटताच थांबा, पुढचा प्रत्येक फटकारा उमटतो.

मंद पिवळ्या दिव्यात काम करा, अंधारात वाळवा, त्याच दिवशी प्रिंट काढा. हातमोजे घालाच, डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे.