पदर वाढले, तरी रांग का हटत नाही?

सकाळी कारखान्यांची पाळी सुरू होण्याच्या सुमारास चाकणच्या तळेगाव चौकात उभे राहून पाहा. कंपन्यांच्या बसगाड्या, कामगारांच्या दुचाक्या, नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, कांद्याच्या बाजाराला निघालेले टेंपो, शाळेच्या रिक्षा, आणि या साऱ्यांतून रस्ता ओलांडू पाहणारी माणसे! येथे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात. एक पुणे–नाशिक, म्हणजे आजचा क्रमांक ६०. दुसरा तळेगावहून चाकणमार्गे शिक्रापूरकडे जाणारा. रांगेत अडकलेल्या कामगाराची पाळी चुकली तर त्याचा पगार कापला जातो. त्याच रांगेत रुग्णवाहिका असेल तर काय, हे सांगायला नको.

अशा वेळी कोणीही म्हणेल, "रस्ता रुंद करा की!" तसे ते होतही आले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, पिंपरी–चिंचवड कारखान्यांनी भरले, आणि पुढे मोटारींचे मोठे कारखाने चाकणला आले. एके काळचा दुपदरी रस्ता चौपदरी झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या टप्प्यावर आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. उन्नत म्हणजे खांबांवर उचललेला. खर्चाचा अंदाज ७,८२७ कोटी रुपयांचा. खालचा रस्ताही चार ते सहा पदरी, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पदरांचे सेवा रस्ते, अशी ही योजना आहे.

पण एक पदर वाढला म्हणजे नेमके काय वाढते? चला, वही-पेन्सिल घेऊन बसू या.

एका पदरावरून तासाला किती मोटारी जाऊ शकतील? समजा, प्रत्येक चालक पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर राखतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर जाते. गाडीची स्वतःची लांबी ५ मीटर. म्हणजे प्रत्येक मोटारीला ३८ मीटर जागा लागते. ६०,००० ला ३८ ने भागा. सुमारे १,५८० मोटारी. आता हेच गणित ताशी २० किलोमीटर वेगासाठी करा. उत्तर १,२५० च्या आसपास येईल. गंमत पाहा, वेग तिप्पट झाला तरी जाणाऱ्या मोटारी जेमतेम सव्वापट झाल्या! वेग वाढला की मधले अंतरही वाढते, त्यामुळे मोकळ्या पदराच्या क्षमतेला एक मर्यादा पडते.

पण चौकात पदर मोकळा नसतो. चार रस्त्यांच्या चौकात सिग्नलचा एक फेरा १२० सेकंदांचा असेल, तर प्रत्येक बाजूला हिरवा दिवा जेमतेम ३० सेकंद मिळतो. त्यातली चारेक सेकंदे गाड्या हलण्यातच जातात. उरलेल्या २६ सेकंदांत, दोन सेकंदांना एक याप्रमाणे, एका पदरातून १३ मोटारी सुटतात. तासात असे ३० फेरे. म्हणजे एका पदरातून ३९० मोटारी, आणि एका दिशेच्या दोन पदरांतून ७८०. कुठे १,५८० आणि कुठे ३९०! रस्त्याची खरी क्षमता ठरते ती त्याच्या सर्वांत अडलेल्या जागी, मधल्या ऐसपैस लांबीवर नाही. घरी बरणीत तेल ओतताना नरसाळे वापरतात ना? वरचे तोंड परातीएवढे केले, तरी तेल नळीतून पडते त्याच गतीने पडणार. (इतिहासाच्या तासाला फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली चाकणचा किल्ला कसा लढवला ते तुम्ही वाचले असेल. आमचे नरसाळे निराळे!)

आता समजा, तासाला ९०० मोटारी या चौकाकडे येतात आणि ७८० सुटतात. तासाच्या शेवटी १२० शिल्लक राहतात. थांबलेल्या मोटारीला अंतरासह साडेसात मीटर धरा. दोन पदरांत ही रांग ४५० मीटर लांब होईल. चौक तसाच ठेवून अलीकडचा रस्ता तीन पदरी केला तर? रांग ३०० मीटरची होईल. फोटोत परिस्थिती सुधारलेली दिसेल. पण शेवटच्या मोटारीपुढे अजूनही १२० मोटारी आहेतच, आणि त्या सुटायला सव्वानऊ मिनिटे लागतातच. रांग आखूड झाली, जाड झाली. वाट पाहणे मिनिटानेही कमी झाले नाही.

चौकातही तिसरा पदर दिला, तर मात्र १,१७० मोटारी सुटतील आणि आपली रांग नाहीशी होईल. तेव्हा रुंदीकरण निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नका. प्रश्न असा की, हा फायदा किती दिवस टिकतो?

रस्ता मोकळा झाला की बसने जाणारा कामगार म्हणतो, आता दुचाकीच बरी. लवकर निघणारा उशिरा निघू लागतो. लांबच्या गावी जागा स्वस्त मिळते, म्हणून कोणी तेथे घर घेतो. यात कोणाचीच चूक नाही. प्रत्येकजण शहाणपणानेच वागत असतो. पण सगळे मिळून मोकळी झालेली जागा भरून टाकतात. अमेरिकेत अँथनी डाउन्स यांनी ही गोष्ट १९६२ सालीच मांडली होती. पुढे २०११ मध्ये ड्युरंटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांची पदर-लांबी दहा टक्के वाढली, तर त्यांवरची वाहतूकही जवळपास दहा टक्क्यांनीच वाढते, असे त्यांना आढळले.

उन्नत मार्गाचा मोठा उपयोग मला वाटतो तो जादा पदरांचा नाही, विभागणीचा आहे. थेट नाशिकला जाणाऱ्या गाडीला तळेगाव चौकातल्या लाल दिव्याशी काय देणेघेणे? ती वरून गेली, तर चौकातले गिऱ्हाईक कमी झाले. पिंपरी–चिंचवडने जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर हेच केले आहे. निगडी ते दापोडी या पट्ट्यात ग्रेड सेपरेटर बांधल्यामुळे सरळ जाणारी वाहने आडव्या वाहतुकीसाठी न थांबता जातात. २०१८ पासून त्याच रस्त्यावर जलद बससेवेला स्वतंत्र पदरही मिळाला. मात्र उन्नत मार्गावरून गाड्या खाली उतरतील, ती जागा नीट आखली नाही तर तेथे नवा चौक तयार होतो, हेही खरे.

आणि पायी चालणाऱ्याचे काय? एक पदर साडेतीन मीटरचा. चार पदर म्हणजे १४ मीटर, सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस ते १२ सेकंदांत ओलांडतो. सहा पदर आणि दोन्हीकडचे सेवा रस्ते मिळून दहा पदर झाले, तर ३५ मीटर, म्हणजे २९ सेकंद; दुभाजक आणि खांब वेगळेच. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला ४४ सेकंद लागतील. आपल्या चौकातला हिरवा दिवा मात्र ३० सेकंदांचाच होता. ती मधेच अडकणार! पादचाऱ्यांसाठी पूल, भुयारी मार्ग किंवा मधे थांबायला सुरक्षित जागा यांचा विचार नकाशातच व्हायला हवा. पुढे जोडलेला जिना चढायला आजी राजी होत नाही.

आतापर्यंत आपण सगळ्या वाहनांना मोटारीच मानले. रस्त्याचे अभियंते तसे करत नाहीत. भारतीय रस्ते परिषदेच्या १९९० च्या कोष्टकात मोटारीला १ एकक धरले आहे. दुचाकीला अर्धे, ट्रक किंवा बसला ३, ट्रॅक्टर-ट्रेलरला साडेचार आणि बैलगाडीला तर ८! या कोष्टकाने पन्नास कामगारांचा हिशेब करू या. प्रत्येकजण मोटारीने आला तर ५० एकके. प्रत्येकजण दुचाकीने आला तर २५. सगळे एका बसमधून आले तर ३. पदर वाढवायला जमीन लागते, दुकाने हलतात, जुनी झाडे जातात. बसला यातले काहीच लागत नाही. पण बस रांगेतच अडकणार असेल, तर तिच्यात बसायचे कोणी?

करून पाहा : शिक्षकांना बरोबर घ्या आणि रस्त्याकडेला न थांबता शाळेच्या गच्चीवरून किंवा खिडकीतून जवळच्या चौकाकडे पाहा. एका बाजूने पंधरा मिनिटांत सुटलेली वाहने प्रकारवार मोजा, कोष्टकाने त्यांची एकके करा आणि चाराने गुणा. हिरवा दिवा किती सेकंद असतो तेही टिपा. मग त्या बाजूला किती पदर आहेत ते पाहून वरच्या पद्धतीने चौकाची क्षमता काढा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. ते जुळले नाहीत, तर दुचाक्या मोटारींच्या मधल्या फटींतून कशा निसटतात, ते एकदा नीट पाहा.