थंडीचे दिवस आणि आपली मोटारसायकल

बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळा लागला की मोटारसायकलवाले गाडीची बॅटरी काढतात, गाडी शेडमध्ये झाकून ठेवतात आणि ऊन पडेपर्यंत तिला हात लावत नाहीत. आपल्या दिंद्रुड, तेलगाव, सिरसाळा भागात नेमके उलटे आहे. दिवाळी झाली की आपली गाडी सगळ्यात जास्त पळते. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो. शेतीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच मिळते, म्हणून ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायला लोक रात्री गाडी काढतात. दूधवाले, पेपरवाले, माजलगावला कामाच्या शोधात पहाटे निघणारे मजूर तर आहेतच. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना भेटायला, घरचे पीठ-मीठ पोचवायला मागे राहिलेली पोरे फडापर्यंत गाडी मारतात.

त्यात आपल्या समाजाच्या महत्त्वाच्या तारखा याच थंडीत येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे बहुतेक लोक रेल्वेने जातात. पण १ जानेवारीला भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला आणि १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठ गेटला नामविस्तार दिनी अभिवादन करायला तरुणांच्या गाड्यांचे जथे निळे झेंडे लावून निघतात. कोरेगावचे अंतर इथून दोनशे किलोमीटरच्या वर, औरंगाबादचे दीडशेच्या वर. सकाळी लवकर पोचायचे म्हणून निघायचे मध्यरात्री. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री, सगळ्यात लांबचा रस्ता आणि बहुतेकांच्या अंगात एक जर्किन. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, तेव्हापासून तिथे जाण्याला आपल्या लेखी वेगळा अर्थ आला. जाऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. पण जाताना थंडी अंगाचे काय करते ते माहीत असावे.

मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरतो. परभणीत तर काही वर्षी तो पाचच्याही खाली गेला आहे. पण गाडीवरच्या माणसाला थर्मामीटरमधली थंडी लागत नाही, त्याहून जास्त लागते. आपल्या अंगाभोवती स्वतःच्या उबेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सारखा उडवून नेतो. हवा १० अंश असताना ताशी ५० किलोमीटरने गाडी चालवली तर उघड्या कातडीला ती ५-६ अंशांसारखी वाटते. हवा ८ अंश असेल तर सुमारे ३ अंशांसारखी.

अशा वेळी शरीर आधी काळीज, मेंदू, फुप्फुसे सांभाळते. त्यासाठी ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून तिकडचे रक्त आत वळवते. म्हणून सगळ्यात आधी बोटे बधिर होतात. गाडीवर ब्रेक आणि क्लच बोटांवरच असतात, हे लक्षात घ्या. बोटे आखडली की ब्रेक दाबायला उशीर होतो. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. बधिर बोटांनी दोन सेकंद घेतले तर ब्रेक लागायच्या आधीच २८ मीटर रस्ता संपलेला असतो.

आणि आपल्या रस्त्यावर त्या २८ मीटरमध्ये काय असते? उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरला मागे-पुढे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला. टायर फुटला की ती रस्त्यातच दगड लावून उभी करतात. समोरून येणाऱ्या गाडीच्या लाइटने डोळे दिपतात, थंड वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत असते, आणि त्या उजेडाच्या मागेच अंधारात ट्रॉली उभी असते. हंगामात बीड जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत अशा धडकेची बातमी नवी नसते. ट्रॉलीवर मजुरी करणारी आपलीच माणसे, धडकणारीही पुष्कळदा आपलीच. एखाद्या वस्तीतल्या तरुण मंडळाने रेडियमच्या पट्ट्यांचा रोल आणून कारखान्याच्या रस्त्यावर चहाला थांबलेल्या ट्रॉल्यांच्या मागे लावल्या, तर त्या खर्चाइतका उपयोगी खर्च दुसरा नसेल. तशीच पट्टी स्वतःच्या हेल्मेटच्या मागे आणि मडगार्डवर लावावी. काळ्या जर्किनातला माणूस रात्री मागच्या ट्रकला दिसतच नाही.

आता कपड्यांचे. लोक दोन स्वेटर घालतात आणि तरी कुडकुडतात, कारण विणलेल्या लोकरीतून वारा आरपार जातो. ऊब धरून ठेवते ती कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा, आणि तिला बाहेरच्या वाऱ्यापासून अडवणारा एक थर लागतोच. म्हणून आत बनियन, त्यावर स्वेटर आणि सगळ्यात वर रेनकोटचे जाकीट. पावसाळा संपला म्हणून रेनकोट पेटीत टाकू नका, हिवाळ्यातही तो कामाचा आहे. जुने ड्रायव्हर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या घालतात. त्याला हसू नये, ते शास्त्राला धरूनच आहे: कागदाच्या थरांत हवा अडकते आणि कागद वारा अडवतो. घामाने किंवा दवाने बनियन ओला झाला असेल तर निघण्याआधी बदलावा, कारण ओले सुती कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढते. हातमोजे घट्ट नकोत. बोटे आवळली तर रक्त आणखी कमी पोचते. हातमोजे नसतील तर मोज्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधणारेही आम्ही पाहिले आहेत, पण पिशवी ब्रेकवर घसरते, ते टाळावे. गुडघ्यावर मात्र जाड कापड किंवा रेनकोटची पँट हवीच, वारा सरळ तिथेच लागतो.

मफलर आणि साडीचा पदर यांची दोन्ही टोके आत खोचलेली असावीत. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये ओढणी-पदर अडकून बायका खाली ओढल्या जातात. हे थंडीत जास्त होते, कारण अंगावर गुंडाळायला शाल, चादर जास्त असते. मफलर हेल्मेटच्या ऐवजी नको. कानटोपीने कान झाकतात, डोके वाचत नाही. आयएसआय मार्कचे हेल्मेट घातले तर काचेमुळे तोंडावरचा वाराही अडतो. श्वासाने काच धुकटली तर ती बोटभर उघडी ठेवावी.

दर तासाला थांबा, मग चहाची तल्लफ असो वा नसो. थंडीत तहान लागत नाही, पण लघवी जास्त होते आणि अंगातले पाणी कमी होत जाते, म्हणून पाणीही प्या. थांबल्यावर दहा मिनिटे चाला, हात काखेत धरा. शेकोटीवर एकदम हात धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच समजते. साखरेचा आजार असणाऱ्यांनी तर पाय शेकताना विशेष जपावे. त्यांच्या तळव्याला आधीच संवेदना कमी असते आणि भाजलेली जखम महिनोन्महिने भरत नाही.

थंडी घालवायला ‘थोडीशी’ घेण्याचा सल्ला ढाब्यावर फुकट मिळतो. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून अंग तापल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आतली ऊब त्या वाटेने बाहेर निघून जाते आणि शरीर अधिक गार होते. पाचवे शील विहारात रोज म्हणणाऱ्याला याहून वेगळे कारण लागू नये. पण कुणाला शरीरशास्त्रातलेच कारण हवे असेल तर तेही हेच आहे.

सोबत्यांवर लक्ष ठेवा. हुडहुडी भरली म्हणजे शरीर अजून लढते आहे. पण कुडकुडणारा माणूस एकाएकी शांत झाला, जड जिभेने बोलू लागला, चालताना तोल जाऊ लागला, झोप येते म्हणाला, तर समजावे की शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले असावे. त्याला गाडीवर बसवू नका. वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, चादर-घोंगडीत गुंडाळा, पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड गरम चहा द्या आणि १०८ ला फोन करा.

म्हाताऱ्या माणसांना रात्रीच्या लांब प्रवासाला गाडीवर नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. थंडीने रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब वाढतो आणि काळजावर ताण येतो. हृदयविकाराचे झटके थंडीत जास्त येतात ते यामुळेही. त्यांच्यासाठी वस्तीने वर्गणी करून जीप किंवा एसटीची सोय करावी. जवळच्या प्रवासातही बीपीची गोळी चुकवू नये, ‘आज बाहेर जायचे, उद्या घेऊ’ हे बंद करावे. दमा असेल तर पंप बाहेरच्या बॅगेत न ठेवता आतल्या खिशात ठेवावा आणि नाकातोंडावर रुमाल बांधावा, कारण कोरडी थंड हवा श्वासनळ्या आवळते. छातीत दाब येऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली आणि घाम फुटला तर गाडी तिथेच थांबवायची.

टाकीवर बसवलेल्या लेकराला वारा सगळ्यात आधी लागतो, ते बापाच्या पुढे ढाल होऊन बसलेले असते. लहान मुलाचे अंग मोठ्यापेक्षा लवकर गार होते. मूल दोघांच्या मध्ये बसवणे हीसुद्धा ट्रिपलसीटच झाली. कायदा चालकामागे एकालाच परवानगी देतो, चार वर्षांच्या वरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचे करतो, आणि २०२२ च्या नियमांनुसार त्याहून लहान मुलाला पट्ट्याने चालकाशी बांधून वेग ४० च्या आत ठेवावा लागतो. आपल्याकडे एकच गाडी असते आणि घर पाच जणांचे, हे आम्हाला माहीत आहे. तरी निदान रात्री आणि पहाटे लेकरू गाडीवर नको.

रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर थांबा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर गुन्हा लागत नाही आणि पोलीस त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. जखमीची मान वाकवू नका, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ ला जागा नीट सांगा. डोक्याला मार असेल तर आपल्या भागासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आहे.

एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. पहाटे गाडीवरून आल्यावर कुणाचे तोंड एका बाजूला वाकडे झाले की वस्तीत लगेच म्हणतात, ‘वारं लागलं’. मग कुणी कांदा चोळतो, कुणी देवऋषाकडे नेतो. तोंड वाकडे होण्याची मुख्य कारणे दोन. एक, चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज येणे. यात कपाळ, डोळा, ओठ अशी एका बाजूची सगळी अर्धी बाजू ढिली पडते. औषध ७२ तासांच्या आत सुरू केले तर बहुतेक लोक बरे होतात. दुसरे, मेंदूतला पक्षाघात. तोंडाबरोबर हात उचलता येत नसेल, बोलणे अडखळत असेल, तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. कोणते कारण आहे ते घरी बसून ओळखू नका. वेळ किती वाजता झाली ती लक्षात ठेवा आणि सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. देवऋषाकडच्या एका रात्रीत ते साडेचार तास निघून जातात, आणि मग आयुष्यभर हात लुळा राहतो.

शेवटी घरातले. थंडीत किक बसत नाही म्हणून, किंवा चोरीच्या भीतीने, वस्तीत पुष्कळ जण गाडी रात्री घरात घेतात. पहाटे ती आतच चालू करून इंजिन गरम करतात आणि लेकरे बाजूला झोपलेली असतात. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. कोळशाची शेगडी रात्रभर पेटती ठेवून दार लावणाऱ्या घरांतही हाच धोका आहे. गाडी दाराबाहेर काढून चालू करायची, चोक एक-दोन मिनिटे द्यायचा आणि मग निघायचे. शेगडी झोपण्याआधी विझवून बाहेर ठेवायची, आणि पत्र्याच्या घराची एक खिडकी थंडी असली तरी थोडी उघडी ठेवायची.