घरचा जमाखर्च संगणकावर

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. चिंचपाड्यातील नोकरदार बांधवांचा एक प्रश्न नेहमी कानी पडतो : पगार झाला, पण गेला कुठे? याचे उत्तर पासबुकात नसते. ५,००० रुपये काढल्याचे पासबुक सांगते. पुढे त्यांचे काय झाले, ते सांगत नाही. ते काम द्विनोंदी खातेवहीचे. ग्नूकॅश ही मोफत संगणक प्रणाली घरच्या हिशेबालाही तीच पद्धत लावते, आणि तिचे मराठी भाषांतरही झालेले आहे.

यात प्रत्येक रक्कम एका खात्यातून निघून दुसऱ्यात पडते. भावाला उसने दिलेले ५,००० रुपये हा खर्च नव्हे, ते येणे आहे. परत मिळेपर्यंत ते वहीत दिसत राहते.

खरी मेख कर्जात आहे. ६०,००० रुपये दरसाल १२ टक्क्यांनी घेतले व मासिक हप्ता २,००० असला, तर पहिल्या महिन्याचे व्याजच ६०० रुपये होते. मुद्दल फिटते १,४००. बहुतेक जण पूर्ण २,००० फिटले असे धरून चालतात आणि मग बाकीचा आकडा ऐकून आमच्याशी भांडतात! म्हणून हप्त्याची नोंद फोडून ६०० व्याजखर्चाला व १,४०० कर्जखात्याला टाकावेत.

महिनाअखेर पासबुकाशी ताळमेळ घालावा. विद्यार्थी मित्रांनी एक ध्यानात ठेवावे : बँक ज्याला जमा म्हणते, ते आपल्या वहीत नावे पडते, कारण आपली ठेव हे बँकेचे देणे होय. फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. घरी संगणक नसल्यास हेच रकाने शंभर पानी वहीतही आखता येतात.