पिशवी, फोटो आणि घेणाऱ्याची मान

रमजान जवळ आला की कोरेगावातही शिधावाटपाच्या याद्या सुरू होतात. पीठ, तेल, साखर, खजूर, शेवया. पिशवी चांगली भरलेली असते. मग फोटो. पिशवी धरलेली एक बाई, भोवती पाच-सहा देणारे, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर मोबाइलवर. त्या बाईचा मुलगा आम्हा शिक्षकांपैकीच कोणाच्या तरी वर्गात बसतो. त्याच्या सोबत्यांच्या घरीही मोबाइल असतात.

सदका देऊन उपकार बोलून दाखवले, घेणाऱ्याला दुखावले, तर तो वाया जातो, असे सूरह बकराच्या 264व्या आयतीत सांगितले आहे. पुढे 273व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख येतो, जे कोणाच्या मागे लागून मागत नाहीत. न जाणणारा त्यांना सुखवस्तू समजतो. आमच्या मते समाजसेवेचे अवघड काम या घरांपर्यंत पोहोचण्याचे आहे. तिथे एकदा मोबाइल उगारला की ते दार पुन्हा उघडत नाही.

गरिबाला मानाने कसे वाढवावे, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, मिळून स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. तेही शिवाशिव पाळण्याच्या काळात. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही विकले, हे शाळेत सगळेच शिकवतात. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती श्रमाची अट. मुलगा कष्ट करून शिकत असे. गरीब असला तरी त्या भाकरीत त्याचा घाम होता, म्हणून ती खाताना त्याला मान खाली घालावी लागत नव्हती.

पण सर्वांना एकच ताट वाढणे म्हणजे प्रत्येक वेळी आदरच, असे नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली. श्रावण चालू होता, जैनांचा चातुर्मास होता आणि 12 तारखेला बकरी ईद. अशा वेळी कोणाच्या घरात कांदा-लसूण चालत नाही, कोणाला हलालच लागते, हे आधी विचारायला हवे. विचारायला एक मिनिट लागते. पुरात सारे गेलेल्या बाईला आपल्या कपाटातले फाटके कपडे देण्यापेक्षा कोरे अंतर्वस्त्र आणि पॅड जास्त उपयोगी पडतात. मात्र ते द्यायला बाईच जावी.

यंदा कोरेगावात एवढे करून पाहता येईल. पिशव्या भरण्याऐवजी ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे आगाऊ पैसे जमा करावेत. ती बाई इतर गिऱ्हाइकांसारखी दुकानात जाईल, हवी ती डाळ मागेल, वजनकाट्याकडे नीट बघेल आणि तांदूळ पसंत नसेल तर दुसरा दाखवा म्हणेल.