पावसाळ्यात ब्रेक धरून बसणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी

फुलपाड्यात, पापडखिंडीच्या बाजूला उघड्यावर गाडी लावणाऱ्या जुन्या अल्टो-वॅगनआरवाल्यांनो, चार दिवस गाडी हलली नाही की मागचं चाक जाम होतंय ना? दमट हवेत ड्रम गंजतो आणि लायनर त्याला चिकटतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट जागी पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा, झालं.

पुढचं चाक धरत असेल तर प्रकरण वेगळं. फिरून आल्यावर एकच रिम तापलेली, गाडी एका बाजूला ओढतेय? कॅलिपर बघा. मागच्या चाकांना दगड लावून गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. न्यूट्रलमध्येही चाक हाताने फिरत नसेल तर ब्लीडर निपल किंचित सैल करा. तेल उडून चाक मोकळं झालं, तर प्रेशर अडकलंय. संशय रबरी होजवर. हा आतून बंद होतो आणि बाहेरून नवाकोरा दिसतो! निपल सैल करूनही चाक घट्टच, तर पिस्टन किंवा गाईड पिना.

पिना घरी सुटतात. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. गंज पॉलिश पेपरने काढा, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन पुन्हा अडकते. फाटलेला रबरी बूट बदलाच. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर मात्र घासत न बसता मेकॅनिक गाठा. निपल उघडलं असेल तर हवा काढा आणि पेडल घट्ट लागेपर्यंत गाडी गल्लीबाहेर नेऊ नका.